पावणीचे गिऱ्हाईक आणि पेढीचे गिऱ्हाईक

गेल्या पर्युषणात डिचोलीच्या काही तरुण सभासदांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. लिलावाच्या संकेतस्थळांवर वस्तू विकताना आपल्या पेढीची, बाजारातील बैठकीची व अन्य विक्रीची माहिती तेथील ग्राहकांस द्यावी की नाही, आणि द्यावयाची तर कोणत्या मर्यादेत? त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. पुढे आमच्याच घरी जे घडले त्यामुळे विचार करणे भाग पडले. तो विचार सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

लिलाव ही गोष्ट आपणांस नवी नाही. गोमंतकात तीस पावणी म्हणतात. देवळात आलेल्या वस्तूंची पावणी आपण पाहतो. काजूच्या हंगामात अबकारी खात्यातर्फे झोनांची पावणी होते, पण तो मद्याचा व्यवहार असल्याने श्रावकाने त्यापासून दूरच राहावे. पावणीत वस्तू कोणाची, हे फारसे कोणी विचारीत नाही. बोली चढते, वस्तू जाते, मंडळी पांगतात. याउलट डिचोलीचा बुधवार, पेडण्याचा गुरुवार आणि म्हापशाचा शुक्रवार हे बाजार पाहावेत. तेथे विक्रेता वर्षानुवर्षे त्याच जागी बसतो, आणि गिऱ्हाईक मिरचीचा भाव विचारण्यापूर्वी घरच्या माणसांची खुशाली विचारते. संकेतस्थळावरील लिलावात पावणीची घाई आहे, बाजाराची गर्दी आहे, परंतु ओळख मात्र आपोआप होत नाही. शिवाय ती जागा तिसऱ्याच्या मालकीची असते.

धान्याच्या व्यापारातही यंत्रावरील लिलाव शिरला आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम ही व्यवस्था सुरू केली, आणि भारतीय अन्न महामंडळ खुल्या बाजारासाठी गहू-तांदूळ ई-लिलावाने विकते. पण तेथे आपण बोली लावणारे असतो. विक्रेता म्हणून उभे राहिलो की प्रश्न वेगळा होतो.

जागा तिसऱ्याची असण्याचा अर्थ काय, हे आपल्या देशात एकदा स्पष्ट दिसले आहे. अमेरिकेत १९९५ साली ईबे हे लिलावाचे स्थळ निघाले. त्याच धर्तीवर २००० साली मुंबईत बाझी हे स्थळ सुरू झाले. २००४ साली ईबेने ते विकत घेतले. जुनी नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे, कापड असे कितीतरी जिन्नस तेथे विकले जात. २०१७ साली ईबेचा येथील कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते भारतीय स्थळ बंद झाले. बाजार भरणेच थांबले म्हणा ना! ज्या विक्रेत्याचे दुकान गिऱ्हाइकास अन्यत्र ठाऊक होते, त्याचा एक रस्ता बंद झाला. ज्याचे नाव त्या दाराबाहेर कोणास माहीत नव्हते, त्यास पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करावा लागला असणार. म्हणून आपल्या इतर विक्रीची ओळख करून द्यावी, याविषयी आमच्या मनात संशय नाही. प्रश्न आहे तो रीतीचा.

आता घरची गोष्ट. आमच्या पेढीच्या माळ्यावर जुन्या मापांचा एक संच पडून होता: पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे. माप लिटरचे झाल्यापासून त्यांस हात लागला नव्हता. पुतण्याने तो एका स्थळावर सात दिवसांच्या लिलावास लावण्याची परवानगी मागितली व आम्ही ती दिली. (वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आमचा संच तितका जुना नव्हता. सभासदांनी आधी ही खात्री करून घ्यावी.) पुतण्याने वर्णनाखाली पेढीचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आणि ‘थेट संपर्क साधल्यास भाव कमी’ असे जोडले. दुसऱ्या दिवशी त्या स्थळाने जाहिरात काढून टाकली व ताकीद दिली. क्रमांक गाळून त्याने संच पुन्हा लावला.

पाचव्या दिवशी बुधवार होता. बाजाराच्या गर्दीत पेढीवर आलेल्या एका गृहस्थांस फळीवरचा तो संच आवडला. गल्ल्यावर आम्हीच होतो. लिलावाचे आमच्या ध्यानीही राहिले नाही. पैसे घेतले आणि संच देऊन टाकला. तिकडे चौघांच्या बोली लागल्या होत्या. सर्वांत वरच्या बोलीवाल्याने पाठवणीचा खर्चसुद्धा विचारून ठेवला होता. पुतण्यास त्या सर्वांची क्षमा मागून लिलाव मागे घ्यावा लागला. पहिली चूक त्याची, दुसरी आमची. आणि दुसरी अधिक मोठी, कारण तीत दिलेला शब्द मोडला. तेव्हापासून लिलावास लावलेली वस्तू आमच्याकडे फळीवर राहत नाही. ती कपाटात जाते व वर तारखेची चिठ्ठी लागते.

पहिल्या चुकीविषयी मात्र तरुणांचा आग्रह असतो की, त्यात काय बिघडले? माल आपला, गिऱ्हाईक आपले. आम्हांस हे मान्य नाही. एखाद्या दलालाने गिऱ्हाईक पेढीवर आणले आणि आपण त्यास हळूच सांगितले की, उद्या एकटे या, दलाली वाचेल, तर बाजारात आपणांस काय म्हणतील? संकेतस्थळ विक्रीवर आपला हिस्सा घेते, तीच त्याची दलाली. ज्या सौद्यासाठी त्याने गर्दी जमविली, तो सौदा मागील दाराने करणे म्हणजे त्याचा हिस्सा घेणेच होय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कमीअधिक मापे ठेवणे आणि हलका माल भारी म्हणून खपविणे हे आपण सारे जाणतो. राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे हाही त्यांतच आहे. दुसऱ्याच्या जागेत बसून तिचे नियम मोडणे यास आम्ही त्याच्या जवळचे मानतो. हा अर्थ आमचा आहे. विद्वानांनी चूक दाखविल्यास आभारी होऊ.

मग ओळख द्यावी कशी? येथे कायदाच आपल्या मदतीस येतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वस्तू व सेवा कराच्या बिलावर विक्रेत्याचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक असावाच लागतो. बांधलेल्या पुडीवर २०११ च्या नियमांप्रमाणे बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी छापावा लागतो. खाद्यवस्तू असेल तर अन्न परवान्याचा क्रमांकही. म्हणजे उकड्या तांदळाची किंवा हरमलच्या मिरचीची पुडी हीच आपली पाटी. ती स्वच्छ, ठसठशीत मराठीत व इंग्रजीत छापावी. पेढीचे जे नाव दारावर, तेच संकेतस्थळावर ठेवावे. तेथे एक आणि येथे दुसरे असे केल्यास शोधणारा चुकतो. निराळे पत्रक घालावयाचे असेल तर त्या स्थळाचा नियम आधी वाचावा. काही स्थळांस ते चालत नाही.

आणखी एक. पार्सल पोहोचविण्यासाठी मिळालेला पत्ता व क्रमांक हा त्या पार्सलापुरताच. दिवाळीची जाहिरात त्यावर पाठवू नये. ग्राहकाची संमती घ्यावी हे २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याचेही तत्त्व आहे. ज्यास हवे तो स्वतः विचारतो. संच गेल्यानंतर पुतण्याने एक जुना पितळी तराजू त्याच स्थळावर विकला, तो पुण्यास गेला. तीन आठवड्यांनी तेथील बाईंनी बिलावरचे नाव पाहून पेढीवर दूरध्वनी केला. तराजूविषयी त्यांस काही विचारावयाचे नव्हते. त्यांचे माहेर पेडण्याचे. खाजनातला कोरगुट तांदूळ मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले. आम्ही दहा किलो पाठविला.