दंडितास पहाऱ्यावर नेमावें काय?

'चोराचीं पावलें चोर जाणे' ही म्हण संगणकाच्या रक्षणासहि लावावी काय? आपल्या भिवंडींतील माग व गुदामें यांचे हिशेब आतां संगणकांतच असतात. म्हणून हा प्रश्न दूरचा नव्हे.

अमेरिकेंत केविन मिटनिक यानें परक्या संगणकांत शिरल्याबद्दल सुमारें पांच वर्षें कैद भोगली. २००० सालीं सुटल्यावर पुढें तो याच विषयांतील सल्लागार झाला व कंपन्यांनीं त्याचें साह्य घेतलें.

परंतु शिक्षा हें कौशल्याचें प्रमाणपत्र नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. २०२३ सालीं ज्यांस शिक्षा झाली, त्यांतील बहुतेकांचें काम बनावट कार्डांनीं पैसे काढण्याचें होतें. अशांस कुलपाची विद्या ती काय असणार?

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं फासेपारध्यांस पहाऱ्यावर नेमिलें. त्यांच्यावरील कलंक जन्मावरून लादलेला होता. येथें दोष स्वतःच्या कृतीचा आहे. तरी बोध एकच : ज्यास कोणीच काम देत नाहीं, त्यास जुनी वाटच उरते.

तेव्हां काम द्यावें. पण मालकाच्या लेखी अनुज्ञेवांचून कोणतेंहि कुलूप उघडूं देऊं नये, किल्ली एकट्याच्या हातीं ठेवूं नये, व त्याचा पूर्वेतिहास ठेवीदारांपासून लपवूं नये. क्षमा करणें आपल्या हातीं आहे. दुसऱ्याच्या ठेवीवर उदार होणें नाहीं.