शून्याने भागलं, तर ओरडणार कोण?

लिनक्सवर सी प्रोग्रॅम चालवताना 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन' असा संदेश येतो आणि प्रोग्रॅम मरतो, हे लॅबमध्ये बऱ्याच जणांनी बघितलं असेल. गंमत अशी की प्रोग्रॅममध्ये बहुधा एकही दशांश संख्या नसते. कुठेतरी पूर्णांकाला शून्याने भागलेलं असतं. उलट १.० ला ०.० ने भागलं, तर आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे उत्तर 'अनंत' येतं आणि प्रोग्रॅम निमूटपणे पुढे जातो!

आता प्रश्न असा : पूर्णांकाच्या वेळी हा ओरडा करतं कोण? आपण पटकन म्हणतो, प्रोसेसर. पण सगळेच प्रोसेसर ओरडत नाहीत.

चार प्रोसेसर, चार स्वभाव

आपल्या पीसीतला इंटेल किंवा एएमडीचा एक्स८६ प्रोसेसर शून्य भाजक दिसताच थांबतो आणि 'डिव्हाइड एरर' हा ० क्रमांकाचा अपवाद उठवतो. लिनक्स त्याचा सिग्नल करून आपल्या प्रोग्रॅमला पाठवतं. मोबाइलमधला ६४-बिट एआरएम मात्र गप्प बसून उत्तर ० देतो. रिस्क-व्ही (आयआयटी मद्रासचा 'शक्ती' याच जातीचा) उत्तर -१ देतो, म्हणजे सगळे बिट १. मिप्सची भागाकाराची इन्स्ट्रक्शन स्वतः गप्पच असते, पण जीसीसी कंपायलर तिच्या जोडीला 'भाजक शून्य असेल तर ट्रॅप कर' अशी वेगळी इन्स्ट्रक्शन घालतो.

यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. प्रत्येक जण आपापल्या मॅन्युअलप्रमाणे वागतो. प्रोग्रॅमने कसं वागायचं हे भाषा ठरवते, आणि भाषा व प्रोसेसर यांच्यात जी फट राहते ती बुजवायचं काम कंपायलरचं. व्हायवात कंपायलरची व्याख्या विचारली तर 'हाय लेव्हलमधून लो लेव्हलमध्ये भाषांतर' एवढं सांगून आपण मोकळे होतो. खरी मेहनत या फटीत आहे.

जावाचं उदाहरण घ्या

जावाचा नियम स्पष्ट आहे : पूर्णांकाला शून्याने भागलं की 'अरिथमेटिक एक्सेप्शन' आलाच पाहिजे, मशीन कुठलंही असो. एआरएमवर प्रोसेसर गप्प असल्याने कंपायलर भागाकाराआधी तुलना घालतो : भाजक शून्य असेल तर अपवादाच्या कोडकडे उडी मार. एक्स८६ वर हॉटस्पॉट ही तुलनाही वाचवतो. तो सरळ भागाकार करतो. सिग्नल आलाच, तर कोणत्या पत्त्यावरच्या इन्स्ट्रक्शनमुळे आला ते टेबलात शोधतो आणि तिथून जावाचा अपवाद उठवतो. अपवाद क्वचितच येतो, म्हणून रोजच्या भागाकाराला दंड नको, हा हिशोब.

पण एक्स८६ वर दुसरा खड्डा आहे. ३२ बिटांतली सर्वांत लहान संख्या -२१४७४८३६४८. तिला -१ ने भागलं तर उत्तर २१४७४८३६४८, आणि ते ३२ बिटांत मावत नाही. एक्स८६ इथेही तोच ० क्रमांकाचा अपवाद उठवतो. जावा मात्र म्हणते, अपवाद नको, उत्तर पुन्हा -२१४७४८३६४८ च द्या. एआरएम आणि रिस्क-व्ही आपणहून तेच देतात, त्यामुळे तिथे काही करावं लागत नाही. एक्स८६ वर कंपायलरला ही जोडी आधीच तपासावी लागते. म्हणजे एका प्रोसेसरवर शून्याची पहारेदारी, तर दुसऱ्यावर उणे एकची!

अपवादाची जागाही महत्त्वाची

समजा लूपमध्ये अ भागिले ब आहे आणि दोन्ही बदलत नाहीत. ऑप्टिमायझर म्हणेल, हा भागाकार लूपच्या बाहेर एकदाच करू. पण लूप शून्य वेळा फिरणार असेल आणि ब शून्य असेल तर? मूळ प्रोग्रॅममध्ये भागाकार झालाच नसता, आता एक्स८६ वर प्रोग्रॅम मरेल. म्हणून भाजक शून्य नाही किंवा लूप निदान एकदा फिरणार, याची खात्री असल्याशिवाय असा भागाकार वर सरकवायचा नसतो. तसंच अपवादाच्या आधीच्या ओळींचं काम पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे आणि नंतरच्या ओळींचं अजिबात नाही, ही जावाची अट.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. दिशा सांगणाऱ्या संगणकात ६४-बिट दशांश संख्येचं १६-बिट पूर्णांकात रूपांतर होत होतं. संख्या मावली नाही, अपवाद उठला. त्या रूपांतराला संरक्षण दिलेलं नव्हतं, आणि अपवाद आला की संगणक बंद करायचा असं ठरलेलं होतं. मुख्य आणि राखीव दोन्ही संगणकांत तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे दोन्ही बंद पडले. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. अपवाद उठणं पुरेसं नाही, तो झेलून पुढे काय करायचं हेही आधी ठरलेलं लागतं.

आपल्या प्रोजेक्टचं काय? सी भाषेत शून्याने भागण्याचं वर्तन अनिश्चित आहे, तिथे कंपायलर कसलीच हमी देत नाही. पीसीवर सिग्नल पकडून 'एरर हँडलिंग' केलं आणि तोच कोड एआरएम बोर्डावर नेला, तर सिग्नल येणारच नाही. सेन्सरची एकही नोंद आली नाही तरी सरासरी ० दिसेल आणि सगळे ती खरी मानतील. मेलेला प्रोग्रॅम निदान कळतो, खोटं उत्तर कळत नाही. त्यामुळे सी मध्ये भाजक आपणच तपासायचा, भागाकाराच्या आधी.

पटत नसेल तर करून बघा. भाजक कीबोर्डवरून घ्या (कोडमध्येच ० लिहिलं तर कंपायलर आधीच काहीतरी ठरवून टाकेल) आणि उत्तर छापा. एकदा पीसीवर, एकदा ६४-बिट लिनक्स असलेल्या रास्पबेरी पायवर. मग दोन्हीकडचं असेम्ब्ली काढून शेजारी शेजारी ठेवा. कंपायलरच्या सबमिशनला याहून चांगला विषय शोधायची गरज पडणार नाही.