'कल' म्हणजे काल की उद्या?

माजिवड्याहून मी भिवंडीच्या गुमास्त्याला फोनवर म्हणालो, "कल का माल रोकना." मला कालचे डागी ताके थांबवायचे होते, त्याने उद्याचे थांबवले. डागी ताके रंगाईला गेले. रंगलेला ताका विणकर परत घेत नाही, नुकसान माझ्याच अंगावर.

उर्दूत काल आणि उद्या, दोन्ही 'कल'च. एरवी क्रियापदावरून उलगडा होतो, पण 'रोकना' अशा हुकमात काळच नसतो. (मराठीत हा घोटाळा नाही!) तेव्हा व्यापारी बंधूंनी तारीख आणि ताक्याचा नंबर बोलावा. मापही बोलावे: १ वार म्हणजे ०.९१४४ मीटर, हजाराच्या सौद्यात ८५.६ मीटरचा फरक पडतो.

आणि "समजलं ना?" असे विचारू नये. नोकरमाणूस शेठला "जी हां"च म्हणणार. "काय समजलं ते सांगा," म्हणावे, ऐकून घ्यावे, मगच फोन ठेवावा.