पर्शियन मांजर : स्वभाव, संगोपन आणि एका डॉक्टरची चूक

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख असतात. यंदा संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी विषय सांगितला आणि ते फोनवर क्षणभर थांबून म्हणाले, "मांजर?" होय, मांजर. मी व्यवसायाने फिजिशियन. इंदुरात चाळीस वर्षे प्रॅक्टिस झाली. पशुवैद्यक हा माझा विषय नव्हे, आणि तो माझा विषय नव्हे हे मला ज्या दिवशी पुरते उमगले, त्या दिवसाची हकिकतच या लेखाच्या मुळाशी आहे.

कन्या नोकरीनिमित्त परदेशी गेली आणि तिची दोन वर्षांची पर्शियन मांजरी आमच्या घरी आली. धुरकट करडा रंग, तांबूस डोळे, गोल चेहरा आणि राजघराण्यातील असावी अशी चाल. सौ.ने नाव ठेवले बेगम.

या जातीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२० च्या सुमारास इराणातून लिहिलेल्या पत्रांत खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन केले आहे. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये सुरतेस उतरला आणि गोव्यातही राहून गेला. परंतु आजच्या पर्शियन मांजरांची जनुके तपासली असता त्यांचे नाते इराणी मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांशी अधिक जवळचे निघाले. तात्पर्य, नाव पर्शियन असले तरी घडण विलायती आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे प्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यानंतर निवडक पैदाशीने केस अधिकाधिक दाट होत गेले आणि नाक अधिकाधिक बसके. त्या बसक्या नाकाची किंमत मात्र मांजरालाच मोजावी लागते : अश्रुनलिका वाकडी होते, डोळे सतत पाझरतात, श्वास घोरल्यासारखा येतो. माझे स्पष्ट मत असे, की पिल्लू घ्यायचेच असेल तर ज्याचे नाक थोडे तरी पुढे आहे असे घ्यावे.

स्वभावाने ही जात शांत व मितभाषी. पडद्यांवर चढणे, ओट्यावर उड्या मारणे तिला फारसे रुचत नाही. ती मांडीवर येईल, पण स्वतःच्या मनात आले की. उचलून घेतलेले तिला नेहमी खपतेच असे नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली माणसे यांवर तिचे जग चालते. दिवाळीत घरी पाहुणे आले तेव्हा बेगम दोन दिवस कपाटामागे होती. या शांतपणात एक धोका दडलेला आहे. मांजर आपले दुखणे लपवते, आणि मुळातच शांत असलेल्या जातीत आजारी मांजर व झोपाळू मांजर यांतील फरक ओळखणे अवघड जाते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. तसेच बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल देऊ नये. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो.

केसांची निगा हे रोजचे काम आहे, रविवारचे नव्हे. विरळ दातांच्या स्टीलच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत, आणि विशेषतः काखेत, पोटावर, कानांमागे व मांड्यांच्या मागे विंचरावे. तिथेच गुंता होतो. दुर्लक्ष केल्यास त्याच्या जटा होतात आणि खालची त्वचा ओढली जाऊन सोलते. जट कात्रीने कापण्याचा मोह टाळावा, मांजराची कातडी फार पातळ असते. डोळ्यांखालचा भाग रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावा. केसांखाली गोल, विरळ, खवलेदार चट्टा दिसला तर बुरशीचा संशय घ्यावा. मायक्रोस्पोरम कॅनिस या जातीत विशेष आढळतो, आणि नातवंडांच्या अंगावर गजकर्ण आले तर घरच्या मांजराकडेही पाहावे. गरोदर सुनांच्या सासवा मला टॉक्सोप्लाझ्माविषयी हमखास विचारतात. विष्ठेतील जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज, आणि घरातील दुसऱ्या कोणी साफ करावा. मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

आपल्याकडील अनेक घरे शाकाहारी. तेथे मांजराला दूध-पोळी घालण्याची चाल आहे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही; ते आहारात नसेल तर दृष्टिपटल झिजते, हृदय प्रसरण पावून दुबळे होते. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. ज्यांना घरात मांस चालत नाही त्यांनी निदान डबाबंद संतुलित खाद्य चालवून घ्यावे, किंवा मांजर पाळू नये. मे महिन्यात पंखा वा कूलर हवाच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते गंभीर लक्षण समजावे.

आता ती हकिकत. बेगम पाच वर्षांची असताना जूनमधल्या एका दिवशी तिने जेवण टाकले. अंग गरम लागले. ताप पाहिला तर १०४ अंश फॅरनहाइट. मांजराचे नेहमीचे तापमानच १०१-१०२ च्या आसपास असते हे मला ठाऊक होते, म्हणजे ताप होताच. चाळीस वर्षांच्या सवयीने हात ड्रॉवरकडे गेला. पाचशे मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी पाण्यात विरघळवून मी सिरिंजने तिच्या तोंडात सोडली. लहान बाळांना देतो ते औषध, त्यात काय विचार करायचा?

चार तासांनी तिचा चेहरा सुजला होता, श्वास जलद झाला होता आणि हिरड्या चॉकलेटी दिसत होत्या. पशुवैद्य तरुण मुलगी होती. तिने हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, तुम्ही तिला काही औषध दिलंत का?" मी सांगितले. ती काही बोलली नाही, हे मला अधिक लागले.

कारण आपल्याला सहज समजण्याजोगे आहे. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलचा मोठा भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून बाहेर टाकते. त्यासाठी लागणारे विकर मांजरात जवळपास नसतेच. त्याचे जनुक निकामी झालेले आहे. मग विषारी चयापचयी द्रव्य साठते, ग्लुटाथायोन संपते, आणि मांजराचे हिमोग्लोबिन ऑक्सिडेशनला विशेष हळवे असल्याने यकृताआधी रक्तच बिघडते : मेथहिमोग्लोबिन आणि हाइन्झ बॉडीज. साडेतीन किलोच्या देहात मी अडीचशे मिलिग्रॅम ओतले होते. उतारा मात्र आपलाच, एन-ॲसिटिलसिस्टीन. वजनाच्या दर किलोमागे आधी १४० मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ७०. तिच्याकडचा साठा संपला होता. मी माझ्याच नर्सिंग होममधून अँप्यूल आणले. रात्रभर ऑक्सिजनच्या पेटीशेजारी बसून होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरड्यांवर थोडी गुलाबी छटा आली.

याच ओघात आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे थेंब मांजराला झटके आणतात. आणि लिलीची फुले फुलदाणीत ठेवू नयेत; फुलाचा परागही मूत्रपिंडे निकामी करू शकतो.

मूत्रपिंडांचा उल्लेख आला तो अकारण नाही. बेगम सावरल्यावर पशुवैद्य मुलीने सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडांत लहान-लहान सिस्ट होते. स्क्रीनवरचे ते चित्र मी आयुष्यभर माणसांत पाहत आलो आहे. पर्शियन मांजरांतील बहुपुटी मूत्रपिंडविकार हा आपल्या रुग्णांप्रमाणेच पीकेडी-१ या जनुकातील दोषाने होतो; मांजरातील तो दोष २००४ मध्ये निश्चित झाला. जगभरच्या पाहण्यांत सुमारे ३८ टक्के पर्शियन मांजरांत हा विकार असल्याचे मानले गेले. आनुवंशिकता प्रभावी स्वरूपाची, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकात दोष असला तरी निम्म्या पिल्लांत उतरण्याचा संभव. गालाच्या आतील बोळ्यावरून जनुकीय चाचणी होते, आणि जिथे पैदास करणाऱ्यांनी ती मनावर घेतली तिथे प्रमाण घटले आहे.

त्या सुमारास आमच्या एका स्नेह्यांचा बोका होता आणि पिल्लांची बोलणी जवळजवळ ठरली होती. एक पिल्लू त्यांच्या नातीला, एक आमच्या कन्येच्या मैत्रिणीला. मी नकार दिला. स्नेही दुखावले. "एवढी सुंदर मांजरी, वंश बुडवता काय?" असे म्हणाले. त्यांच्या बोक्याची चाचणी मी माझ्या खर्चाने करून देतो म्हटले, तेही त्यांना आवडले नाही. महिनाभराने बेगमची शस्त्रक्रिया करून घेतली. डायलिसिसच्या खुर्चीवर आधी बाप आणि मग मुलगा पाहिलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

बेगम आता नऊ वर्षांची आहे. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीची घनता पाहतो. गेल्या खेपेस क्रिएटिनिन १.९ आले, मांजरात हा आकडा मूत्रपिंडविकाराच्या दुसऱ्या टप्प्यात मोडतो. वजन मी दर रविवारी वजनकाट्यावर करतो आणि वहीत मांडतो, कारण वजनातली घट बहुधा बाकी लक्षणांच्या आधी दिसते. कमी फॉस्फरसचे ओले खाद्य सुरू केले आहे. घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली, पण ती पिते फक्त सौ.च्या माहेरच्या काशाच्या वाटीतून. ती वाटी आता स्वयंपाकघरातून कायमची बाहेर आली आहे.