गाव तेथेच, राज्य निराळे

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव हे बाजारपेठेचे जुने गाव. ते आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. त्याचे राज्य मात्र बदलत गेले. प्रथम ते कोल्हापूर संस्थानात होते. १ मार्च १९४९ रोजी ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि १ मे १९६० पासून हे गाव महाराष्ट्र राज्यात आहे. मग राज्यांच्या सीमा बदलतो तरी कोण?

संविधानाच्या तिसऱ्या कलमान्वये हा अधिकार संसदेला आहे. राज्याचा एखादा भाग वेगळा काढून तो केंद्रशासित करावयाचा असल्यास तसे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही. त्यापूर्वी राष्ट्रपती त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मुदत घालून मागवितात. संसद ते मत विचारात घेते. परंतु ते मानलेच पाहिजे, असे बंधन तिच्यावर नाही. १९६६ साली पंजाबचे विभाजन झाले, तेव्हा दोन राज्यांची सामाईक राजधानी म्हणून चंदीगड केंद्रशासित झाले. २०१९ साली जम्मू-काश्मीरपासून लडाख वेगळा करण्यात आला.

अशीच पाळी एकदा मुंबईवर येऊन ठेपली होती. भाषावार राज्यरचनेच्या वेळी मुंबई कोणाची, हा वाद निर्माण झाला. तेथे नाना भाषांचे लोक राहत होते आणि व्यापारात अनेकांचे भांडवल गुंतलेले होते. म्हणून १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई केंद्रशासित राहील, असे घोषित केले. महाराष्ट्र हळहळला आणि पेटूनही उठला. मुंबईच्या भोवतालची भूमी मराठी होती. तिच्या गिरण्यांत कोकणातले आणि घाटावरचे हजारो हात राबत होते. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. संयुक्त महाराष्ट्राच्या या लढ्यात शंभरांहून अधिक माणसांनी प्राण गमावले.

अखेर ती योजना मागे पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी व गुजराती भाषकांचे विशाल द्विभाषिक राज्य आले. पण त्यानेही लोकांचे समाधान झाले नाही. १ मे १९६० रोजी मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी झाली. मुंबईतील हुतात्मा चौक आजही त्या बलिदानाची आठवण देतो.

सीमारेषा कायद्याने आखल्या जातात. परंतु तेथे राहणाऱ्या माणसांची मने जाणून त्या आखल्या, तरच त्या टिकतात.

स्वाध्याय
१. राज्याचा भाग वेगळा करण्यापूर्वी कोणाचे मत मागविले जाते?
२. मुंबई केंद्रशासित करण्यास मराठी लोकांनी विरोध का केला?
३. ‘तसूभरही न हलणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.