आपल्या प्रकृतीस मानवेल असा आहार



एकास जो आहार औषधासारखा लागू पडतो तोच दुसऱ्यास बाधतो, ही गोष्ट मीं पुस्तकांत वाचिली होती. परंतु ती खरी पटली ती माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीनें.

तीन वर्षांमागें मला मधुमेह असल्याचें आढळून आलें. डॉक्टरांनीं एक कागद लिहून दिला : दोन्ही वेळां एकच भाकरी, भात बंद, रात्रीचें जेवण लवकर व थोडें. माझें काम बहुतेक बसून लिहिण्यावाचण्याचें असल्यामुळें तें मला मानवलें, व तीन महिन्यांत रक्तांतील साखर उतरली. त्या आनंदाच्या भरांत, ह्याच रोगानें पीडित असलेल्या एका खेड्यांतील उपदेशकबंधूंस मीं तो कागद उतरवून दिला. ते सकाळीं मंडळीचें काम पाहतात व दुपारीं आपल्या दोन एकरांत राबतात. शिवाय त्यांच्या गोळ्या निराळ्या होत्या, ह्याची मीं चौकशीही केली नाहीं. बाराव्या दिवशीं ते पाटाच्या कडेला घामानें भिजून खालीं बसले; हातपाय थरथरूं लागले. शुद्ध हरपली नव्हती तोंच मुलानें साखरेचें पाणी पाजलें, म्हणून अनर्थ टळला. (पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहीं घालूं नये, त्यास तडक दवाखान्यांत न्यावें.) मधुमेहाच्या कांहीं गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें जेवण एकाएकीं तोडलें, तर साखर प्रमाणाबाहेर उतरून जीवावर बेततें.

तेव्हां आहार ठरवितांना 'काय खावें?' हा प्रश्न दुसरा होय. आपलें वय काय, अंगमेहनत किती, रोग कोणता, औषध कोणतें, हें आधीं पाहावें. दूध उत्तम खरें, पण पुष्कळ प्रौढांस तें पचत नाहीं; त्यांतल्या कित्येकांस दही मात्र चालतें. गव्हांतील ग्लुटेन ज्यांच्या आंतड्यांस बाधतें त्यांस गव्हाची चपाती वर्ज्य, परंतु ज्वारीची भाकरी चालते. डाळ बळ देते, तरी मूत्रपिंडें बिघडलेल्यास ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेंच खावी लागते.

सर्वसाधारण माप पाहिजे असल्यास हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचें घ्यावें. ह्या संस्थेचा आरंभ १९१८ सालीं कुन्नूर येथें एका खोलींत झाला. तिच्या २०२४ च्या मार्गदर्शनांत २००० किलोकॅलरींच्या एका दिवसास धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी, अंडीं किंवा मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, फळें १०० ग्रॅम, दाणे व बिया ३५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम, असें सांगितलें आहे. शेतांत राबणाऱ्यास ह्याहून अधिक लागतें. हे आंकडे पाठ करावयास नकोत. पण भाज्यांचें वजन धान्याहून जास्त आहे, एवढें पाहा. आमच्या ताटांत याच्या उलट असतें : भाकरींची चवड आणि कोरड्यासाचा थेंब!

शहरांतून येणाऱ्या छापील कागदांवर ओट व बदाम असतात. त्यांच्या पाठीमागें लागून कर्ज करूं नये. शेवग्याचा पाला, तांदुळजा, मोड आलेली मटकी, हुलग्याचें माडगें हीं आपल्या दाराशीं आहेत. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें दहाच्या आसपास. तरी मधुमेह्यानें नाचणीची म्हणून भाकरी न मोजतां खाऊं नये. पिष्ट तें पिष्टच. आणि जेवणाबरोबर चहा घेऊं नये, कारण त्यानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. लिंबू पिळल्यानें तें अधिक लागतें.

आतां आहार मानवला कीं नाहीं, हें ओळखावें कसें? दानीएल व त्याचे तिघे सोबती ह्यांनीं राजाचें अन्न नाकारिलें, तेव्हां कारभाऱ्यापाशीं दहा दिवसांची मुदत मागितली. मुदत ठरलेली, ताट ठरलेलें, आणि निकाल पाहणारा दुसरा, हें त्यांत विशेष आहे. माझी चूक सुधारतांना आम्हीं हीच रीत धरिली. उपदेशकबंधू डॉक्टरांकडे गेले. त्यांनीं गोळ्या बदलल्या, औताच्या दिवशीं दुपारीं दोन भाकरी व बैठ्या दिवशीं एक असें ठरविलें, आणि खिशांत फुटाणे व साखरेची पुडी ठेवावयास सांगितलें. खाल्लेलें, केलेलें काम व मोजलेली साखर त्यांच्या पत्नी रोज वहींत लिहूं लागल्या. तीन महिन्यांनंतरच्या तपासणींत सरासरी उतरलेली दिसली, व घेरी पुन्हां आली नाहीं.

त्या वहींत साखर वर चढलेले चार दिवस आहेत, आणि ते चारही प्रीतिभोजनाचे आहेत. म्हणून वाढणाऱ्या भगिनींस विनंती कीं, 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानांत आग्रहानें भात वाढूं नये.