आकड्यांना गोष्टीची जोड

प्रश्न : म्हैसूरमध्ये अगरबत्तीचा व्यवसाय आहे. वितरकांपुढे मांडलेले आकडे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. माहिती गोष्टीच्या रूपात कशी मांडावी?

उत्तर : व्यवसायातील गोष्टीला चार अंगे लागतात : पात्र, अडचण, निर्णय आणि परिणाम. म्हैसूर सँडल साबणाच्या इतिहासात ती चारही दिसतात. म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड तेल काढण्यासाठी युरोपात जात असे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, निर्यात थंडावली आणि लाकूड पडून राहू लागले. नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांच्या राजवटीत, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६ साली संस्थानाने स्वतःच तेल काढायला घेतले. त्यातूनच पुढे साबण आला. शुद्ध चंदनतेलाचा दावा कोणीही करू शकतो. ही हकिगत त्या दाव्याला आधार देते.

वितरकांपुढेही हाच क्रम ठेवावा. ‘आमचा माल दर्जेदार आहे’ याऐवजी ‘पावसाळ्यात काड्या सादळत, दुकानदार पुडे परत करत; आतले वेष्टन बदलले आणि परतीचा माल घटला’ असे सांगावे. परतीचा आकडा त्यानंतर द्यावा, म्हणजे त्याचा अर्थ लगेच कळतो. मुख्य पात्र मालक नसावा, दुकानदार असावा; वितरकाचा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो. हकिगत दोन मिनिटांत संपावी.

दरपत्रक, करार आणि तक्रारीचे उत्तर यांत गोष्ट टाळावी. तिथे नेमकी माहितीच हवी. सांगावे ते घडलेलेच. रचलेली हकिगत उघडी पडली की बाजारातली पत जाते.